मोटारीचें पाणी कोठें जातें?
इंजिन तापण्याचीं कारणें, त्यांची पारख आणि दुरुस्ती

बैल थकला म्हणजे थांबतो, जीभ बाहेर काढतो, आणि धनी कितीही घाईंत असला तरी त्यास सावलींत सोडण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. इंजिनाची गोष्ट निराळी आहे. तें तापलें तरी हांकणाऱ्यानें पाय दाबला कीं ओढीत राहतें, आणि ज्या क्षणीं तें आपण होऊन थांबतें त्या क्षणीं थोडक्या खर्चांत होणाऱ्या दुरुस्तीची वेळ बहुधा टळून गेलेली असते. एका रबरी नळीच्या किंवा क्लिपेच्या किंमतींत जें काम झालें असतें, त्यासाठीं हेड उतरविणें, त्याचें फेसिंग करणें, प्रसंगीं सबंध इंजिन खोलणें, असा खर्च अंगावर येतो. आणि तो नेमका सुगीच्या किंवा तोडणीच्या दिवसांत येतो, कारण इंजिनावर खरा भार त्याच दिवसांत पडतो.

ज्यांच्या दारांत ट्रॅक्टर, पिकप, जीप किंवा घरची लहान मोटार उभी आहे अशा शेतकऱ्यांपैकीं पुष्कळांची एक संवय आहे. बैठकीखालीं पाण्याची बाटली ठेवावी, सकाळीं निघण्यापूर्वीं रेडिएटरचें झांकण उघडून पाहावें, पाणी उतरलेलें दिसलें कीं तांब्याभर ओतावें, आणि कोणीं विचारलें तर ‘गाडी जरा पाणी पिते’ असें सांगून मोकळें व्हावें. प्रस्तुत लेखाचा सर्व रोख या एका वाक्यावर आहे. आजचें इंजिन पाणी पीत नाहीं. त्यांतील पाणी उतरलें असेल तर तें कोठून तरी बाहेर गेलें आहे. आणि तें कोठून गेलें याचा शोध लागेपर्यंत वरून ओतलेलें पाणी म्हणजे फुटक्या पाटांत सोडलेलें पाणी होय.

ही संवय कोठून आली

ही संवय मूर्खपणाची आहे असें मात्र कोणीं समजूं नये. एके काळीं ती अगदीं योग्य होती. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत बर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्यानें तयार केलेल्या तीनचाकी मोटारींतून जर्मनींतील मानहाइमहून फॉर्झहाइम येथें गेली. अंतर सुमारें १०० किलोमीटर होतें. त्या गाडीचें इंजिन पाणी उकळवून व त्याची वाफ हवेंत सोडूनच थंड राहत असे. सबब वाटेंत जेथें विहीर, ओढा किंवा खानावळ लागेल तेथें थांबून पाणी भरण्यावांचून उपाय नव्हता. ती गाडी खरोखरच पाणी पीत होती.

पुढें १९०० सालीं विल्हेल्म मायबाख यानें मर्सिडीज गाडीसाठीं मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. त्यांत सहा मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या; नळ्यांतून वारा जाई व त्यांच्याभोंवतीं पाणी खेळे. यामुळें बरोबर न्यावयाचें पाणी निम्म्यावर आलें. १९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्ड कंपनीच्या टी नमुन्याच्या मोटारींत, पहिल्या सुमारें अडीच हजार गाड्या सोडल्यास, पाणी फिरविण्यास पंपही नव्हता. ऊन पाणी हलकें होऊन वर चढे व निवलेलें जड पाणी खालीं उतरे, तेवढ्यावरच काम भागे. १९१७ सालीं बाजारांत आलेल्या फोर्डसन ट्रॅक्टराची तीच रीति होती. या सर्व रचना वरून उघड्या असल्यानें वाफेवाटें पाणी जाई, व रोज भर घालावी लागे. आपल्याकडील जुन्या वाहनचालकांनीं जी विद्या शिष्यांस दिली ती या उघड्या यंत्रांवर शिकलेली होती. यंत्र बदललें, विद्या मात्र तीच राहिली.

आजची रचना बंद आहे. इंजिनांत जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांश भाग पाण्यावाटें बाहेर काढावा लागतो. हें पाणी पंपानें इंजिनाच्या पोकळींतून फिरतें, थर्मोस्टॅट नांवाची झडप ८२ ते ८८ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास उघडली म्हणजे रेडिएटरमध्यें उतरतें, तेथें वाऱ्यानें निवतें व परत फिरतें. यांतील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे झांकण. तें केवळ बूच नव्हे. त्यांत स्प्रिंग असून ती आंतील दाब राखून धरते. मोटारींच्या झांकणावर बहुधा दर चौरस इंचास १३ ते १६ पौंडांचा आंकडा असतो, कित्येक ट्रॅक्टरांवर सुमारें ७ पौंडांचा. दाब वाढला कीं उकळबिंदु वर सरकतो. १५ पौंडांच्या सुमारास साधें पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. उलट, झांकणाची रबरी चकती फाटली कीं पाणी १०० अंशांवर, आणि महाबळेश्वरासारख्या उंचीवर त्याच्याही चारपांच अंश अगोदरच उकळूं लागतें. इंजिनांत दुसरा कांहीं एक दोष नसतां केवळ झांकणामुळें गाडी घाटांत उकळते ती अशी. झांकण नवें घेतांना जुन्यावरचा आंकडा पाहूनच घ्यावें. दुकानदारानें ‘बसतें’ म्हटलें एवढ्यावर घेऊं नये.

घाटांत कांटा वर गेल्यास

समजा, एप्रिल महिन्यांत आंब्याच्या पेट्या भरून पिकप रत्नागिरीहून कोल्हापुरास निघाली आहे. साखरपें मागें पडलें, आंबा घाटाची चढण लागली, गाडी दुसऱ्या गिअरवर आहे, आणि उष्णतेचा कांटा मधल्या जागेवरून वर सरकूं लागला. अशा वेळीं प्रथम वातानुकूलन यंत्र चालू असल्यास बंद करावें, आणि गाडींत हीटर असेल तर तो पुरता चालू करून कांचा खालीं कराव्या. भर उन्हाळ्यांत हीटर लावणें वेडेपणाचें वाटेल. परंतु हीटर म्हणजे दुसरा लहान रेडिएटरच असून तो इंजिनाची बरीच उष्णता बाहेर टाकतो. एवढ्यानें कांटा उतरला नाहीं, तर सुरक्षित जागा पाहून थांबावें. पेट्या तासभर उशिरां पोंचतील. इंजिन बसलें तर त्या पोंचणारच नाहींत.

येथें एक फसवी गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कांट्याला खबर देणारी सुई पाण्यांत बुडालेली असते. पाणी पार उतरून ती वाफेंत किंवा हवेंत उघडी पडली, तर कांटा एकाएकीं खालीं येऊं शकतो, आणि हांकणाऱ्यास वाटतें कीं संकट टळलें. वर चढलेला कांटा कांहीं कारण नसतां झपाट्यानें उतरला व इंजिनाचा जोर कमी भासूं लागला, तर तो शुभशकुन समजूं नये. तत्काळ इंजिन बंद करावें. हीटरमधून एकदम थंड वारा येऊं लागणें हेंही पाणी संपल्याचेंच चिन्ह होय.

थांबल्यावर झांकणास हात लावूं नये. आंतील पाणी दाबाखालीं शंभर अंशांच्या वर गेलेलें असतें. झांकण सैल होतांच दाब जातो व त्या क्षणीं तें पाणी उसळून वाफेसह तोंडावर येतें. चेहरा व डोळे भाजण्याचे प्रसंग यामुळेंच घडतात. किमान अर्धा ते एक तास जाऊं द्यावा. वरच्या रबरी नळीस बोट लावतां येईल इतकी ती निवली व दाबल्यास मऊ लागली, म्हणजे जाड फडकें घालून झांकण प्रथम थोडें फिरवावें, वाफ निघूं द्यावी, मग काढावें. तापलेल्या इंजिनांत थंडगार पाणी एकदम ओतणें तर त्याहून घातक. आजकालचीं हेडें बहुधा ॲल्युमिनियमचीं असतात. तापलेल्या तव्यावर पाणी पडल्यावर काय होतें तें घरांतील बायकाही सांगतील.

गळती शोधण्याची रीति

शोधास आरंभ करावा तो सकाळीं, इंजिन पूर्ण थंड असतांना. रेडिएटरच्या शेजारीं प्लॅस्टिकची जी लहान टांकी असते तिच्यावर किमान व कमाल अशा दोन रेषा असतात. थंड स्थितींत पाणी कोठवर आहे तेथें पेन्सिलीनें खूण करावी व तारीख लिहून ठेवावी. इंजिन तापल्यावर पाणी फुगून वर येतें तें स्वाभाविक आहे. म्हणून तुलना नेहमीं थंडाची थंडाशींच करावी. आठवड्यांत खूण उतरली नाहीं तर गळती नाहीं, आणि तापण्याचें कारण अन्यत्र आहे. उतरली, तर पुढील शोध.

रात्रीं गाडीखालीं कोरा पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळीं डाग कोठें पडला तें पाहावें. वातानुकूलन यंत्राचें पाणी निर्मळ व बिनवासाचें असतें, तें पाहून घाबरूं नये. इंजिनाचें ऑइल काळें व बुळबुळीत असतें. कूलंट हिरवें, गुलाबी, नारिंगी किंवा निळें असून त्यास गोडसर वास येतो, आणि तें वाळलें कीं पांढुरकी किंवा रंगीत पापुद्री मागें राहते. ही पापुद्रीच शोधणाऱ्याची खरी वाटाडी होय. कारण तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब जमिनीवर येण्यापूर्वींच उडून जातो, पण त्याची पापुद्री जाग्यावर राहते. विजेरी घेऊन प्रत्येक सांधा तिच्यासाठीं न्याहाळावा. डाग जेथें दिसतो तेथेंच भोंक असतें असेंही नाहीं. पाणी पत्र्यावरून ओघळतें, पंखा तें मागें उडवितो. यास्तव नेहमीं सर्वांत उंच ओल्या जागेपासून पाहत खालीं यावें.

गळतीचीं नेहमींचीं ठिकाणें पुढीलप्रमाणें आहेत. रबरी नळ्या पहिल्या. नळी थंड असतांना पिळून पाहावी. चिरल्यासारखा आवाज आला, बारीक भेगा उघडल्या, किंवा एखादा भाग फुगीर व पिलपिलीत लागला तर ती बदलावी. कित्येक नळ्या मधोमध धड असून क्लिपेखालीं कुजलेल्या असतात. दुसरें ठिकाण रेडिएटर. हल्लीं त्याचा मधला भाग ॲल्युमिनियमचा व दोन्ही कडेच्या टांक्या प्लॅस्टिकच्या असून त्या रबरी पॅकिंग घालून दांत्यांनीं आंवळलेल्या असतात. गळती बहुधा या सांध्यांतून होते. तिसरें ठिकाण वॉटर पंप. त्याच्या पोटाला एक लहान भोंक मुद्दामच ठेवलेलें असतें. आंतील सील झिजलें म्हणजे पाणी बेअरिंगमध्यें न शिरतां या भोंकांतून बाहेर यावें, हा त्याचा हेतु. तेथें ओघळ दिसला तर तें भोंक बुजविण्याचा उद्योग कोणीं करूं नये. भोंक आपलें काम करीत आहे, पंप बदलावयास झाला आहे. पंखा किंवा पुली हातानें हलवून पाहतां खेळ जाणवला तरी निदान तेंच.

याखेरीज इंजिनाच्या कुशीला पत्र्याच्या गोल चकत्या ठोकलेल्या असतात. साधें, क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षें भरल्यास त्या आंतून गंजतात व त्यांच्या कडेनें पाणी पाझरतें. आणि मोटारींत पुढच्या बाजूस पायाखालचा गालिचा ओला व चिकट लागत असेल, कांचेवर आंतून तेलकट धुकें जमत असेल, तर हीटरच फुटला आहे असें समजावें. ही गळती गाडीखालच्या पुठ्ठ्यावर कधींच दिसत नाहीं.

डोळ्यांनीं न सांपडल्यास दाबाची कसोटी घ्यावी. झांकणाच्या जागीं बसणारा एक हातपंप येतो, त्यावर दाबाचा कांटा असतो. इंजिन थंड असतांना झांकणावर लिहिलेल्या आंकड्याइतकाच दाब भरावा, अधिक नव्हे, आणि पंधरा मिनिटें कांट्याकडे पाहत बसावें. कांटा स्थिर राहिला तर रचना धड आहे. उतरला, तर थेंब कोठें येतो तें त्या वेळीं थंड इंजिनावर निवांत पाहतां येतें. हें साधन महाग नाहीं. चारपांच शेजाऱ्यांनीं मिळून किंवा गांवच्या सोसायटीनें एक घेऊन ठेवलें तर सर्वांच्या उपयोगीं पडेल. ज्या गॅरेजांत हा पंप नाहीं व तरीही कारागीर रेडिएटर बदलण्यास सांगतो, तेथें पैसे खर्च करण्यापूर्वीं दुसऱ्याचें मत घ्यावें हें बरें.

कांटा उतरतो, परंतु बाहेर कोठेंही थेंब नाहीं, अशी स्थिति असेल तर पाणी इंजिनाच्या आंत जात आहे. ब्लॉक व हेड यांच्यामध्यें जें गॅस्केट असतें तें जळालें, किंवा हेड वांकलें अथवा तडकलें, म्हणजे हें होतें. चिन्हें अशीं: इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाची दाट पांढरी वाफ येत राहते, ऑइलची कांडी काढून पाहतां ऑइल ताकाळलेलें, कॉफींत दूध घातल्यासारखें दिसतें, थंड इंजिन चालू केल्यावर एकदोन मिनिटांतच, पाणी तापण्यापूर्वींच, वरची नळी टणक होते, झांकण काढून इंजिन चालू केलें तर पाण्यांतून बुडबुडे एकसारखे येत राहतात. हिंवाळ्यांत सकाळीं पहिल्या दोन मिनिटांची वाफ मात्र प्रत्येक गाडींतून येते. ऑइल भरण्याच्या झांकणाखालीं थोडा पिवळट फेस, गाडी रोज अगदीं थोडी चालत असेल तर, केवळ दमटपणानेंही जमतो. सबब एका चिन्हावर निकाल देऊं नये. रेडिएटरच्या तोंडावर धरावयाची एक कांचेची नळी मिळते. तींत निळा द्रव असतो, आणि पाण्यांत जळक्या वायूंचा अंश असल्यास तो पिवळा पडतो. हेड उतरविण्याच्या खर्चास हात घालण्यापूर्वीं ही परीक्षा अवश्य करून घ्यावी. पाणी मिसळलेल्या ऑइलवर मात्र गाडी एक मैलही हांकूं नये. बेअरिंगें तेवढ्यांत जातात.

पाणी उतरत नाहीं, तरी तापतें

या प्रकारांत शेतकऱ्याचें इंजिन शहरच्या इंजिनाहून निराळें पडतें, आणि त्याचें कारण भुसा. मळणी यंत्र चालवितांना ट्रॅक्टर तासन्‌तास एका जागीं उभा असतो व त्याचा पंखा भुसकट, कुसळें, उसाचें पाचट एकसारखें ओढून रेडिएटरच्या पत्र्यांत भरतो. पुढची जाळी स्वच्छ दिसते, पण जाळी व रेडिएटर यांच्या मध्यें, किंवा रेडिएटर व त्याच्यापुढील ऑइल निवविणाऱ्या जाळीच्या फटींत, घोंगडीसारखा थर बसलेला असतो. तो हातानें ओढूं नये. इंजिन बंद व थंड असतांना पंख्याच्या बाजूनें बाहेरच्या दिशेस, म्हणजे वारा ज्या वाटेनें आंत येतो त्याच्या उलट, बेताच्या दाबानें हवा किंवा पाणी मारावें. गाड्या धुण्याच्या जोराच्या फवाऱ्यानें पातळ पत्रे आडवे होतात आणि भुसा गेला तरी वारा बंदच राहतो. मळणीच्या दिवसांत हें काम रोज करावें.

तापण्याची वेळ पाहिली तरी अर्धें निदान होतें. मोटार उभी असतां किंवा गर्दींत तापते व मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष पंख्याकडे: विजेवरचा पंखा असल्यास फ्यूज, रिले किंवा तारा; पट्ट्यावरचा असल्यास पट्टा. पट्ट्याच्या मधोमध अंगठ्यानें दाबलें असतां तो सामान्यतः १० ते १५ मिलिमीटर दबावा. अधिक दबल्यास सैल, आणि चकचकीत झाला असल्यास तो घसरत आहे. उलट, चढणीवर किंवा भारानें तापते व उभी असतां ठीक राहते, तर रेडिएटर आंतून तुंबला आहे, पंपाचीं पातीं झिजलीं आहेत, किंवा थर्मोस्टॅट पुरता उघडत नाहीं. वरची नळी कढत व खालची थंड, हें थर्मोस्टॅट अडकल्याचें किंवा वाट तुंबल्याचें चिन्ह.

थर्मोस्टॅटची परीक्षा तर घरच्या चुलीवर होते. तो काढून पातेल्यांतील पाण्यांत दोऱ्यानें टांगावा, शेजारीं थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवीत जावें. अंगावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडूं लागला पाहिजे व निववितांना मिटला पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ कारागीर ‘आपल्या गरम मुलखांत याची गरज नाहीं’ म्हणून तो काढूनच टाकतात. हें मत चुकीचें आहे असें आम्ही स्पष्ट म्हणतों. थर्मोस्टॅट काढल्यावर इंजिन योग्य उष्णतेस पोंचण्यास फार वेळ घेतें, इंधन अधिक जळतें, ऑइलांत गाळ जमतो. आणि कांहीं इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडतांना जी बगलेची वाट बंद करतो ती कायमची उघडी राहिल्यानें बरेंचसें पाणी रेडिएटर टाळून फिरतें व इंजिन उलट अधिक तापतें.

दुरुस्तीविषयीं

वाटेंत गळती झाल्यास रेडिएटरमध्यें मूठभर हळद टाकण्याचा उपाय चालकांना ठाऊक आहे. बारीक छिद्र तिनें बुजतें हें खरें. परंतु हळदीस छिद्र कोणतें व नळी कोणती हें कळत नाहीं. रेडिएटरच्या व हीटरच्या अरुंद वाटा तींच बुजविते. दुकानांतून मिळणाऱ्या गळतीबंद पुड्यांचाही हाच स्वभाव आहे. आडरानांतून घरीं येण्यापुरता उपाय म्हणून त्याचा उपयोग करावा, आणि आल्यावर सर्व पाणी काढून, धुऊन, खरी दुरुस्ती करावी.

नळी बदलतांना जुनी नळी ओढून काढण्याच्या भरीस पडूं नये. ॲल्युमिनियमचें किंवा प्लॅस्टिकचें तोंड मोडतें. चाकूनें लांबट चीर देऊन सोलून काढावी. तोंडावरचा क्षार बारीक काचकागदानें घासावा. नवी नळी चढेना तर तोंडाला कूलंटचें बोट लावावें. ग्रीस किंवा ऑइल लावूं नये, त्यानें रबर फुगतें. क्लिप तोंडावरील उंचवट्याच्या आंतल्या बाजूस बसली पाहिजे, उंचवट्यावर नव्हे. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर झाळून चांगला होतो. ॲल्युमिनियमचा बहुधा बदलावाच लागतो. कांहीं मोटारींत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तेथें एक बदलतांना दुसराही बदलावा, कारण मजुरी दोन्हींची एकच पडते.

हेडचें काम घरीं करण्यासारखें नव्हे, पण धन्यानें समोर उभें राहण्यासारखें आहे. हेड उतरल्यावर त्यावर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेजची पाती सरकवून पाहिली कीं नाहीं. वांक कंपनीच्या पुस्तकांतील मर्यादेबाहेर असल्यास फेसिंग केलें कीं नाहीं. आणि बोल्ट आंवळतांना मधल्यापासून कडेकडे, एका दमांत नव्हे तर टप्प्याटप्प्यानें, टॉर्क पान्यानें आंवळले कीं नाहीं, एवढें पाहावें. अंदाजानें आंवळलेलें नवें गॅस्केट फार दिवस टिकत नाहीं. शिवाय गॅस्केट कां जळलें तें कारण दूर केलें नसेल, तर नवेंही त्याच वाटेनें जाईल.

पाणी भरण्याचें कामही सावकाशीचें आहे. बोअरचें पाणी वापरूं नये; ज्या पाण्यानें ठिबकच्या नळ्यांचीं तोंडें पांढरीं होऊन बुजतात तेंच पाणी इंजिनाच्या आंत दुसरें काय करणार? बॅटरींत घालतात तें शुद्ध पाणी घ्यावें व कूलंटशीं कंपनीनें सांगितलेल्या प्रमाणांत, बहुधा निम्मेंनिम, मिसळावें. किंवा तयार मिसळलेलें आणावें. आपल्याकडे पाणी गोठत नाहीं, मग कूलंट कशास, असा प्रश्न नेहमीं येतो. त्याचें उत्तर असें कीं, त्यांतील द्रव्यें गंज व क्षार आवरतात आणि उकळबिंदु आणखी कांहीं अंशांनीं वर नेतात. दोन जातींचीं कूलंटें मिसळूं नयेत, आणि रंगावरून जात ओळखूं नये. रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनें घालते. हीटर चालू स्थितींत ठेवून हळूहळू भरावें, खालची नळी मधून मधून दाबीत जावी, हवा सोडण्याचा स्क्रू असल्यास त्यांतून बुडबुड्यांवांचून धार येईपर्यंत तो उघडा ठेवावा. मग इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवावें. अडकलेली हवा निघाली म्हणजे पातळी उतरते. ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं थंड इंजिनावर एकदां भरून काढावी लागते. तिसऱ्या दिवशीं पुन्हां उतरली, तर मात्र दाबाचा पंप परत लावावा.

शेवटीं गोठ्याविषयीं. पुष्कळशा कूलंटांत एथिलीन ग्लायकॉल असतें. तें विषारी आहे, आणि चवीस गोड असल्यानें कुत्रीं, वासरें, मांजरें तें आपण होऊन चाटतात. थोडक्या प्रमाणांतही मूत्रपिंडें निकामी होऊन जनावर दगावतें. म्हणून जुनें पाणी काढतांना खालीं घमेलें ठेवावें, तें भरलेलें घमेलें एक क्षणही उघडें सोडूं नये, सांडलेल्या जागीं माती टाकून ती उचलावी, आणि काढलेलें द्रव्य विहिरीपासून, ओढ्यापासून व उकिरड्यापासून दूर, झांकणाच्या डब्यांत भरून, तें घेणाऱ्या गॅरेजांत पोंचवावें. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत कूलंट भरून ठेवणें घरांत मुलें असतांना फार धोक्याचें आहे. जनावरानें तें चाटल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहतां पशुवैद्यास बोलवावें व काय चाटलें तें सांगावें. उपचाराचा गुण येतो तो पहिल्या कांहीं तासांतच.